काम बदललं की पुढाकार बदलतो

पनवेलहून रोह्याकडे निघालेली गाडी सोमाटणे आणि रसायनी मागे टाकून पाताळगंगेच्या खोऱ्यातल्या आपट्याला येते. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ या १९९५ सालच्या चित्रपटातला गाडीचा शेवटचा प्रसंग या छोट्या स्थानकावर चित्रित झाला, म्हणून पुष्कळांना आपटा ठाऊक आहे. रेल्वेच्या इतिहासात या गावाचं महत्त्व मात्र निराळं आहे. दिव्याहून पनवेलमार्गे आलेले रूळ कित्येक वर्षं इथे येऊन संपत होते. आपट्याच्या पुढे गाडी कधी जाणार, हा साऱ्या कोकणाचा प्रश्न होता. १९८६ साली रूळ रोह्याला पोचले आणि २६ जानेवारी १९९८ रोजी रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरचा कोकण रेल्वेमार्ग सलग वाहतुकीसाठी खुला झाला.

नव्वदहून अधिक बोगदे, सुमारे दोन हजार लहानमोठे पूल, बेचाळीस हजारांहून अधिक जमीनमालक. एवढ्या मोठ्या कामाचं श्रेय आपण सहसा एखाद्या नावाला देऊन मोकळे होतो. पण हा मार्ग उभा राहिला तो एकमेकांपासून अगदी वेगळ्या पद्धतीने काम करणाऱ्या माणसांमुळे. कुणी चाळीस वर्षं एकच मागणी लावून धरणारा, कुणी काही महिन्यांत निर्णय करून टाकणारा, कुणी मुदतीचा पक्का, कुणी नवी युक्ती शोधणारा, कुणी रोज तेच काम तितक्याच लक्षपूर्वक करणारा. यांतली एखादी पद्धत श्रेष्ठ असती, तर बाकीच्यांची गरजच पडली नसती. कामाचा टप्पा बदलत गेला, तसा पुढाकारही एका प्रकारच्या माणसांकडून दुसऱ्या प्रकारच्या माणसांकडे गेला. संघातल्या कार्यशैली समजून घेणं म्हणजे हा बदल वेळेवर ओळखणं, एवढंच या प्रकरणात सांगायचं आहे.

पाठपुरावा करणारे

कोकणात रेल्वे हवी ही मागणी स्वातंत्र्यापूर्वीची. अ. ब. वालावलकर यांच्यासारख्या माणसांनी तिच्यासाठी आयुष्य वेचलं. पुढे राजापूर मतदारसंघाचे खासदार बॅ. नाथ पै यांनी ती संसदेत मांडली. १९७१ मध्ये त्यांचं निधन झालं, तेव्हा रूळ कोकणच्या उंबरठ्यावरच होते. त्याच मतदारसंघातून निवडून आलेल्या प्रा. मधु दंडवते यांनी तो धागा उचलला आणि जवळजवळ दोन दशकं सोडला नाही.

या शैलीची माणसं संघात कंटाळवाणी वाटू शकतात. प्रत्येक बैठकीत तोच मुद्दा, तेच कागद, तोच अर्ज. ‘यांचं हे नेहमीचंच’ म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं. परंतु ज्या कामाला अजून पैसा नाही, मंजुरी नाही, माणूसही नेमलेला नाही, ते काम जिवंत ठेवण्याचा त्यांच्याखेरीज दुसरा उपाय नसतो. दंडवते सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत असत. आकडे आणि युक्तिवाद ही त्यांची हत्यारं होती. १९७७ ते १९७९ या काळात ते रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गादी आली ती त्यांच्या कारकिर्दीत. एवढी साधी सुविधा आधी कुणाला सुचली नव्हती असं नाही. सामान्य प्रवाशाचा विषय चिकाटीने धरून ठेवणारा माणूस त्या खुर्चीवर बसला, म्हणून ती झाली.

निर्णय घेणारे

चिकाटी असली तरी दार उघडलं की आत शिरावं लागतं, आणि त्याला वेगळा स्वभाव लागतो. डिसेंबर १९८९ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांचं सरकार आलं. रेल्वेमंत्री होते मंगळूरचे जॉर्ज फर्नांडिस, अर्थमंत्री मधु दंडवते आणि नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष कर्नाटकचे रामकृष्ण हेगडे. तिघांनाही या किनाऱ्याची कळकळ होती. तरीही रेल्वेच्या वार्षिक अंदाजपत्रकातून थोडे थोडे पैसे मिळवत हा मार्ग बांधायचा, तर आणखी कित्येक वर्षं गेली असती. तेव्हा चाकोरी सोडून स्वतंत्र महामंडळ काढायचं ठरलं. भांडवलात रेल्वे मंत्रालयाचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळचा प्रत्येकी ६ टक्के. उरलेला पैसा कर्जरोख्यांतून उभारायचा. जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळाची नोंदणी झाली. सप्टेंबरमध्ये रोह्याला पायाभरणी झाली. नोव्हेंबरमध्ये सरकार कोसळलं.

हे सरकार अकरा महिने टिकलं. त्या काळात ‘आणखी एक समिती नेमू’ असं म्हणणारा मंत्री त्या जागी असता, तर आपट्याची आणि रोह्याची गोष्ट तिथेच थांबली असती. १९७४ च्या देशव्यापी रेल्वे संपाचं नेतृत्व करणारे फर्नांडिस धडाडीचे होते आणि ही संधी फार काळ राहणार नाही, हे ओळखण्याची राजकीय जाण त्यांच्याकडे होती. आधीच्या दशकांतल्या सर्वेक्षणांचे अहवाल तयार नसते, तर मात्र या धडाडीला धरायला काही मिळालं नसतं. दोन्ही शैली एकमेकींवर उभ्या होत्या. पाठपुरावा करणाऱ्याला निर्णय घेणारा उतावळा वाटतो आणि निर्णय घेणाऱ्याला पाठपुरावा करणारा संथ. संघात हा ताण असणारच. दोघांनी एकमेकांच्या कामाचा हिशेब मान्य केला, की तो ताण उपयोगी पडतो.

अधिकार वाटून देणारा नेता

महामंडळाची सूत्रं फर्नांडिस यांनी ई. श्रीधरन यांच्याकडे दिली. रेल्वे बोर्डावरून ते नुकतेच निवृत्त झाले होते. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात रामेश्वरमला जोडणारा पांबन पूल उद्ध्वस्त झाला, तेव्हा तरुण श्रीधरन यांनी तो ४६ दिवसांत पुन्हा उभा केला होता. सहा महिन्यांची मुदत मिळालेल्या त्या कामात समुद्रतळाशी गेलेल्या लोखंडी तुळया वर काढून पुन्हा वापरल्या गेल्या. वेळेच्या बाबतीत हा माणूस किती कडक आहे, हे रेल्वेत सर्वांना ठाऊक होतं.

असा कडक माणूस सगळे निर्णय स्वतःच्या हातात ठेवील, असं वाटणं साहजिक आहे. त्यांनी उलट केलं. संपूर्ण मार्गाचे सात विभाग पाडले: महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, गोवा, कारवार आणि उडुपी. प्रत्येक विभागाला एक मुख्य अभियंता दिला आणि निर्णयाचे, खर्चाचे मोठे अधिकार त्याच्याकडे सोपवले. बेलापूरचं मुख्यालय आकाराने लहान ठेवलं. मुदत आणि दर्जा या दोन गोष्टी वरून ठरणार, तिथवर पोचायचं कसं ते विभागाने ठरवायचं. बोगद्याच्या तोंडाशी अडचण आली, तर तिचं उत्तर मुंबईच्या फाइलमध्ये शोधत बसायला नको, हा त्यामागचा विचार.

नेतृत्वाच्या शैलींवरचा एक गाजलेला प्रयोग इथे आठवतो. १९३० च्या दशकाअखेर अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांची छोटी मंडळं तयार केली. मुखवटे बनवणं वगैरे कामं त्यांना दिली. एका मंडळाचा प्रमुख सगळं स्वतः ठरवून हुकूम सोडी, दुसऱ्याचा मुलांशी चर्चा करून ठरवी, तिसऱ्याचा मुलांना हवं तसं करू देई. हुकमाखालची मुलं प्रमुख समोर असेपर्यंत नेटाने काम करत. तो बाहेर गेला की काम मंदावे. चर्चेने चालणाऱ्या मंडळातलं काम त्याच्या गैरहजेरीतही चालू राही. तिसऱ्या मंडळात काम फारसं उभंच राहिलं नाही. या प्रयोगातली आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. प्रमुख म्हणून काम करणाऱ्या प्रौढांना आलटून पालटून वेगवेगळ्या शैलींत वागायला सांगितलं होतं आणि त्यांना ते जमलं. शैली शिकता येते, बदलताही येते.

सातशे किलोमीटरच्या कामावर नेता सगळीकडे समोर असणं अशक्यच. तो नसतानाही काम त्याच तोलाने चालायला हवं. ‘अधिकार दिला’ आणि ‘वाऱ्यावर सोडलं’ यांतला फरक अशा वेळी कळतो. अधिकार देणारा नेता ध्येय, मुदत आणि हिशेब ठेवण्याची पद्धत या तीन गोष्टी आधी स्पष्ट करतो. वाऱ्यावर सोडणारा काम बिघडल्यावर उगवतो.

खडक आणि माती

सगळ्या विभागांत एकच एक पद्धत चालली नाही. याचं सर्वांत बोलकं उदाहरण बोगद्यांचं.

रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा सुमारे साडेसहा किलोमीटरचा. दीर्घ काळ तो देशातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा होता. सह्याद्रीच्या कठीण काळ्या खडकात स्वीडनहून आणलेली यंत्रं छिद्रं पाडत, सुरुंग उडत, राडारोडा निघे आणि चक्र पुन्हा सुरू होई. खडक कसा वागेल याचा अंदाज बांधता येतो. तिथे वेळापत्रक, शिस्त आणि ठरलेला क्रम यांवर भर देणारा अधिकारी उत्तम काम करतो.

गोव्यातला पेडण्याचा बोगदा जेमतेम दीड किलोमीटरचा, तरी त्याने सर्वांना जेरीस आणलं. इथे खडक नव्हता. पाण्याने भिजलेली मऊ माती होती. खणलेला भाग पुन्हा ढासळून भरून येई. मोठी यंत्रं चालत नसत. थोडं खणायचं, आधार द्यायचा, वाट पाहायची, मग पुढचा हात. मार्गावर मऊ मातीचे असे नऊ बोगदे होते. त्यांनी चार वर्षं घेतली आणि १९ जणांचा जीव घेतला. संपूर्ण मार्गाच्या बांधणीत मृत्यू पावलेल्यांची संख्या ७० हून अधिक आहे. वेगाचा आग्रह धरताना हा आकडा नजरेआड करता येत नाही.

मातीच्या बोगद्यात तोंडाशी उभ्या असलेल्या मजुराला जे दिसतं, ते कार्यालयातल्या नकाशाला दिसत नाही. छतातून पाणी गढूळ येऊ लागलं, आधाराचं लाकूड करकरलं, तर ते पहिल्यांदा त्याला कळतं. अशा ठिकाणी त्याचा शब्द वरपर्यंत पोचतो की मधेच विरतो, यावर माणसांचे जीव अवलंबून असतात. हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या संघांचा अभ्यास केला. चांगलं नेतृत्व असलेल्या विभागांत औषधं देताना होणाऱ्या चुकांच्या नोंदी जास्त आढळल्या, तेव्हा त्या स्वतः चकित झाल्या. मग उलगडा झाला. त्या विभागांत चुका अधिक होत होत्या असं नव्हे, त्या उघडपणे सांगितल्या जात होत्या. ज्या संघात वाईट बातमी सांगणाऱ्याला धाक वाटत नाही, तो संघ वेळेवर सावध होतो. खडकातल्या कामाची सवय झालेल्या अधिकाऱ्याने मातीत उतरताना आधी हे शिकायला हवं. इथे हुकमापेक्षा ऐकण्याला अधिक काम असतं.

ऐकण्याची गरज बोगद्याबाहेरही होती. हजारो कुटुंबांच्या शेतांतून, माडांच्या बागांतून, राहत्या घरांवरून मार्ग जाणार होता. भूसंपादनाची नेहमीची प्रक्रिया वर्षानुवर्षं चालते. महामंडळाच्या अधिकाऱ्यांनी गावोगाव जाऊन लोकांशी बोलणी केली आणि पुष्कळ ठिकाणी जमीन लवकर मिळाली. गोव्यात मात्र मार्ग कुठून जावा यावरून मोठं आंदोलन झालं आणि काही काळ काम थांबलं. खाजणं आणि जुनी गावं यांची चिंता वाहणाऱ्या लोकांना फक्त वेळापत्रक दाखवून पटवता येत नाही. मुदतीचा पक्का माणूस आणि माणसांशी बोलणारा माणूस एकाच संघात का लागतात, हे अशा प्रसंगी दिसतं.

युक्ती शोधणारे

काही अडचणी मेहनतीने सुटत नाहीत, ऐकूनही सुटत नाहीत. त्यांना नवी कल्पनाच लागते. रत्नागिरीजवळ पानवल नदीच्या दरीवर ६४ मीटर उंचीचा पूल बांधायचा होता. इतक्या खोल दरीत खालून आधार उभारणं कठीण. म्हणून पुलाचा वरचा भाग एका टोकाला टप्प्याटप्प्याने तयार करून खांबांवरून पुढे ढकलत नेण्यात आला. हे तंत्र भारतात प्रथमच वापरलं गेलं. मार्ग सुरू झाल्यावर, १९९९ साली, कोलाडहून गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत भरलेले मालट्रकच गाडीवर चढवून नेण्याची रो-रो सेवा सुरू झाली. रेल्वेचं प्रतिस्पर्धी वाहनच तिचं गिऱ्हाईक झालं.

अशा कल्पक माणसांचा संघाला त्रासही होतो. त्यांना चालू कामापेक्षा पुढचं काम खुणावतं. पण सगळेच कल्पक घेतले तर? ब्रिटिश संशोधक मेरेडिथ बेल्बिन यांनी हेन्ली इथल्या व्यवस्थापन महाविद्यालयात अनेक वर्षं संघांचं निरीक्षण केलं आणि १९८१ साली ते पुस्तकरूपाने मांडलं. बुद्धीच्या चाचण्यांत सर्वांत वर आलेल्यांचे खास संघ त्यांनी बनवले, ते स्पर्धांत बहुतेक वेळा मागे पडले. प्रत्येक जण दुसऱ्याच्या युक्तिवादातली उणीव काढण्यात गुंतला आणि आवश्यक, पण नीरस कामं तशीच पडून राहिली. यशस्वी संघांत कल्पना सुचवणारा होता, ती तपासणारा होता, माणसं जोडणारा होता आणि शेवटचं टोक बांधेपर्यंत न उठणाराही होता.

राखण करणारे

मार्ग झाला, फिती कापल्या गेल्या आणि संघाचं कामच पालटलं. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ डोंगराचा भाग रुळांवर आला आणि गाडी घसरून पन्नासहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ रोजी, महाड तालुक्यात करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसला दरडीमुळेच अपघात झाला. कोकणातल्या पावसाशी दरवर्षी चार महिने सामना करायचा, तर बांधणीच्या काळातली घाईची शैली उपयोगाची नव्हती. उतार कमी केले गेले, डोंगरांवर जाळ्या बसल्या, माती धरून ठेवणाऱ्या वाळ्याची लागवड झाली. पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक येतं आणि गाड्या मंदावतात. मुसळधार पावसात समोरचं दिसेनासं झालं, तर ताशी ४० किलोमीटरच्या वर जायचं नाही, अशी चालकांना सूचना असते.

या काळात सहाशेंहून अधिक माणसं मार्गावर गस्त घालतात. रात्री, पावसात, हातात दिवा घेऊन ठरलेल्या अंतरापर्यंत चालत जायचं, रूळ आणि कापलेला डोंगर न्याहाळायचा, परत यायचं आणि पुन्हा निघायचं. बहुतेक फेऱ्यांत काहीच सापडत नाही. काही सापडणार नाही हे जवळजवळ ठाऊक असताना तेवढ्याच बारकाईने पाहत राहणं, ही सर्वांत दुर्मीळ कार्यशैली आहे. पदाच्या उतरंडीत हा माणूस खालच्या पायरीवर असतो. पण दगड दिसला तर लाल दिवा दाखवून एक्सप्रेस थांबवण्याचा अधिकार त्याला आहे. त्यासाठी त्याला साहेबाला विचारावं लागत नाही. त्या क्षणी संघाचा नेता तोच असतो.

आपल्या संघात

आता आपल्याकडे पाहू. गावचं गणेशोत्सव मंडळ असो, बचत गट असो, शाळेतले शिक्षक असोत की आपट्याच्या शेजारच्या रसायनीतला एखादा कारखाना, कार्यशैलींवरून होणारी भांडणं सारखीच. ‘तो फार घाई करतो’, ‘ती प्रत्येक गोष्टीत शंका काढते’, ‘हे नुसते बोलतात’. हल्ली प्रश्नावली भरून माणसावर एखाद्या व्यक्तिमत्त्व-प्रकाराचा शिक्का मारण्याची टूम आहे. मायर्स-ब्रिग्जसारख्या लोकप्रिय चाचणीत काही आठवड्यांनी पुन्हा बसवलं, तर पुष्कळांचा प्रकार बदललेला निघतो. माणसाचा कल जरूर असतो, पण कल म्हणजे कायमचा साचा नव्हे. माणसापेक्षा आधी कामाकडे पाहावं.

म्हणून नवं काम हाती घेताना चार प्रश्न एकत्र बसून सोडवावेत. हे काम कोणत्या टप्प्यावर आहे: मागणीच्या, निर्णयाच्या, उभारणीच्या की राखणीच्या? इथली जमीन खडकाची आहे की मातीची, म्हणजे पुढचं आधी सांगता येतं की चालता चालता शिकावं लागणार? या टप्प्याला जुळणारी पद्धत कुणाची आहे आणि त्याला आपण खरोखर अधिकार दिला आहे का? आणि चौथा, सर्वांत महत्त्वाचा: धोका दिसला तर काम थांबवण्याची मुभा कुणाकुणाला आहे?

टप्पा संपला की पहिल्या पुढाऱ्याने बाजूला होणं अवघड जातं. ज्याने मंडळ उभं केलं, त्याला ते सांभाळणाऱ्याची सावध चाल भित्रेपणाची वाटते. सांभाळणाऱ्याला नवी कल्पना म्हणजे विनाकारण ओढवलेलं संकट वाटतं. दोघेही आपापल्या टप्प्यापुरते बरोबर असतात. हे मोठ्याने बोललं गेलं, तर हेवेदाव्यांचं बरंच ओझं उतरतं.

आणि श्रेयाची वाटणी करताना एक चुकीची सवय मोडायला हवी. मागणी करणाऱ्यांची चरित्रं लिहिली जातात, निर्णय घेणाऱ्यांची नावं कोनशिलांवर येतात, बांधणाऱ्यांना पुरस्कार मिळतात. राखण करणाऱ्याच्या वाट्याला त्याच्या कामगिरीची नोंदच येत नाही, कारण टळलेल्या अपघाताची बातमी होत नाही. वर्षअखेरीच्या बैठकीत ‘यंदा आपण नवं काय केलं’ या प्रश्नाबरोबर ‘यंदा काय बिघडू दिलं नाही आणि ते कुणामुळे’ हाही प्रश्न विचारावा. उत्तरात जी नावं येतील, त्यांना बढती, पगारवाढ आणि बैठकीत बोलण्याची पहिली संधी द्यावी.